आमच्या हर्णैला

आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेत सत्तावीस गुण जुळले होते. पाण्याचा गुण मात्र कोणी पाहिला नाही. ही हर्णैची. मागचं दार उघडून शंभर पावलं चाललं की अरबी समुद्र. मी बार्शीचा. पुढचं दार उघडलं की नळ, आणि तोही चार दिवसांआड. सोलापूर जिल्ह्यातली दोन माणसं पावसाळ्यात भेटली की एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "उजनी किती टक्के?" एवढंच धरणाबद्दल विचारतात आणि उत्तरावरून समोरच्याची तब्येत ओळखतात.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. फळ्यावर भारताचा नकाशा काढून झाला की खडूचा शेवटचा तुकडा हातात उरतो. त्यानं उजवीकडे खाली पाच-सहा ठिपके मारायचे आणि म्हणायचं, "हे अंदमान आणि निकोबार." पोरं तेवढेही कष्ट घेत नाहीत. वहीवर पेन झटकलं की त्यांची बेटं तयार. एकतीस वर्षं हे ठिपके मारल्यावर लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला वाटलं, आता त्या ठिपक्यांवर जाऊन यावं.

ही म्हणाली, "माड आणि पुळण बघायला विमानानं जायचं? त्यापेक्षा आमच्या हर्णैला जाऊ. आईकडे राहू. फुकट."

पंचवीस वर्षं दर मे महिन्यात आम्ही हर्णैलाच जातो. सासुरवाडीची सुट्टी ही सुट्टी नसते, हजेरी असते. मी हट्ट सोडला नाही. शिवाय माझ्याकडे हुकमी पान होतं. आमचा हनिमून राहिला होता. लग्नानंतर आम्ही तुळजापूरला गेलो होतो खरे, पण जीपमध्ये आमच्याबरोबर आई, मावशी, दोन आतेभाऊ आणि ओटीचं सामान होतं.

प्रवास कंपनीतला मुलगा म्हणाला, "सर, डिसेंबरात फॅमिली पॅकेज फुल आहे. हनिमून पॅकेज घ्या, ते स्वस्तात बसेल."

"अरे, पण आमचं वय?"

"त्यात वयाची अट नाही, सर. फक्त दोघं पाहिजेत."

चेन्नईहून विमान सुटलं. खाली दोन तास नुसतं पाणी. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. बंगालचा उपसागर किती टीएमसी असेल, हा प्रश्न डोक्यातून जाईना. आमची ११७ टीएमसीची उजनी शंभर टक्के भरली तर तालुक्यात पेढे वाटतात. इथे कोणी साधी टाळी वाजवत नव्हतं. मग निळ्या पाण्यात हिरवे ठिपके दिसू लागले, अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखे वाकडेतिकडे. मी हिला हलवून उठवलं. तिनं वाकून पाहिलं, म्हणाली, "सुवर्णदुर्गाएवढी दिसतात," आणि पुन्हा डोळे मिटले.

सुवर्णदुर्ग म्हणजे हर्णैच्या समोरचा जलदुर्ग. त्यामुळे बेट या विषयातही माहेर आधीच पोचलेलं होतं.

विमान उतरलं तिथून नावांचा घोळ सुरू झाला. आमच्या कागदावर पोर्ट ब्लेअर, सप्टेंबर २०२४ पासून सरकारदरबारी श्री विजयपुरम आणि ड्रायव्हरच्या तोंडी नुसतं 'ब्लेअर'. आमच्या पॅकेजात रॉस, हॅवलॉक आणि नील अशी तीन बेटं होती. त्यांची नावं डिसेंबर २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. बोटीच्या तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पावतीवर दुसरं. हिनं ड्रायव्हरला थेट विचारलं, "पैसा तीन बेट का लिया, नाम छे बताता है. दिखानेवाला कितना है?"

मी वर्गात शिरलो. सांगितलं, हॅवलॉक आणि नील हे १८५७चा उठाव मोडणारे इंग्रज सेनानी. ज्यांनी मोडला त्यांची नावं बेटांना मिळाली आणि ज्यांचा मोडला त्यांना १८५८ पासून याच बेटांवर आणून टाकलं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाडी हळू केली. पुढचा थांबा सेल्युलर जेलचा होता.

मराठी माणूस अंदमानला कुठल्याही पॅकेजनं गेला तरी पहिल्या दिवशी तो इथेच येतो. फाटकाशी निम्मी रांग मराठीत बोलत होती. १८९६ ते १९०६ ही दहा वर्षं बांधकाम चाललं. मधोमध मनोरा आणि सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. आता त्यातल्या तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे माणसाला समोर माणूस दिसूच नये अशी योजना. सावरकर १९११ च्या जुलैत इथे आले ते १९२१ पर्यंत राहिले. थोरले भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या कोठडीत आम्ही दोघं उभे राहिलो. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. हवेसाठी वर उंचावर एक झरोका. समुद्र हाकेवर, पण दिसायचा नाही.

खाली अंगणात कोलू ठेवलाय. माणसाला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, असा तो हिशेब. मी पौंडांचे किलो करीत होतो. ही लाकडी दांड्याकडे बघत म्हणाली, "अहो, चौदा किलो होतं. आमच्याकडे वाळलेलं खोबरं घाण्यावर न्यायचो. बैलसुद्धा मध्ये थांबवून बदलायचे." त्यानंतर ती जेलच्या बाहेर येईपर्यंत बोलली नाही. हर्णैचा उल्लेख झाला होता, पण यावेळी बरोबरी करायला नव्हे.

संध्याकाळची गोष्ट वेगळीच. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. अंदमान जवळजवळ त्र्याण्णव अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. हा हिशेब मी हजारो पोरांना घातला आणि चुकला म्हणून अर्धा अर्धा गुण कापला. पण त्याचा अर्थ मला तिथे कळला. डिसेंबरात पाचला सूर्य बुडतो. साडेपाचला काळोख. सहाला पोटात कावळे ओरडतात, सातला डोळे मिटतात आणि घड्याळ म्हणतं, बार्शीत अजून शाखेची मुलं घरी परतली नाहीत. पहाटे साडेपाचला लख्ख उजेड. कॅन्टीनवाला मात्र दिल्लीच्या घड्याळानं चालतो. त्याचा चहा सातला.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट. मी तासभर आधी उलटीची गोळी घेतली. हिलाही दिली. तिनं गोळीकडे जेलरनं कैद्याकडे बघावं तसं पाहिलं. "हर्णैच्या मुलीला बोट लागते होय?"

बोट म्हणजे पाण्यावर चालणारं थंडगार सिनेमागृह होतं. खिडक्या बंद, एसी चालू, समोर पडद्यावर गाणी. बंदर सुटलं, बोट डोलायला लागली. मी गोळीच्या कृपेनं झोपलो. जागा झालो तेव्हा ही कागदी पिशवीत तोंड घालून बसली होती आणि शेजारची नवी नवरी तिची पाठ चोळत होती. किनारा लागल्यावर हिनं निकाल दिला, "होडीला काचा लावल्या की असंच व्हायचं." चूक बोटीची होती, हर्णैची नव्हती.

हॅवलॉकच्या किनाऱ्यांना बसगाड्यांसारखे नंबर आहेत. राधानगरचा सुंदर किनारा म्हणजे सात नंबर, विजयनगरचा पाच नंबर. गावांची नावं मात्र सगळी गोकुळातली. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी इथे संसार मांडले, ते देव बरोबर घेऊनच. पुढे नीलवर गेलो तर तिथे रामायण. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सीतापूरला सूर्योदय बघायचा आणि लक्ष्मणपूरला सूर्यास्त. रामनगरला काय बघायचं असं विचारलं तर रिक्षावाला म्हणाला, "वहाँ भीड़ नहीं है."

हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं आणि आम्ही दोघं उंबऱ्यावरच थांबलो. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. आत जाऊन चुकीची खोली उघडली की काय याची खात्री केली. दारावर आमचंच नाव होतं. हिनं प्रथम विचारलं, "आता हे झाडून कोण काढणार?" मग पाकळ्या वेचून पिशवीत भरल्या, कारण गुलाबाला काय भाव असतो हे तिला ठाऊक होतं. हंस तिनं उलगडायला नकार दिला. दोन दिवस आम्ही सोलापुरी चादरीनं अंग पुसलं.

रात्री आठला किनाऱ्यावर कँडललाइट डिनर होतं. अडचण अशी की सहा वाजताच आम्ही शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खाऊन बसलो होतो. कडक म्हणजे सोलापूरची, दोन-दोन महिने टिकणारी. पण अंदमानच्या दमट हवेत ती तिसऱ्या दिवशी मऊ पडली. माझ्या हयातीत ही भाकरी कुणापुढे नमलेली मी पाहिली नव्हती.

वाळूत टेबल मांडलेलं. चारी बाजूंना आमच्या मुलीच्या वयाची जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. वेटरनं मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती विझवली. त्यानं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा हिनं त्याला हातानंच थांबवलं, आपण काडी ओढली आणि ज्योतीभोवती दोन्ही तळवे धरले, तुळशीपुढे धरतात तसे. "तुम्ही जेवा," ती म्हणाली. मी जेवलो. अधूनमधून एखादा घास तिला भरवला, कारण तिचे हात अडकलेले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी नवऱ्याला म्हणाली, "सो क्यूट." वेटरनं हळूच विचारलं, "सर, हनिमून?"

"हो," मी म्हणालो. "पहिलाच."

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी होता. पॅकेजात एक स्कूबा डायव्हिंग होतं, दोघांचे पैसे भरलेले. मी मनातून निर्धास्त होतो. बार्शीचा असलो म्हणून काय झालं? आमच्याकडे पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून पोरगं विहिरीत ढकलतात. मी आठवीत असताना साठ फुटांच्या विहिरीत कठड्यावरून मुटका मारायचो. हिनं आदल्या दिवशी काचेच्या तळाची बोट केली होती. त्यातून खालचे मासे बघत तिनं सगळ्यांची वर्गवारी लावली होती. "हा तळायचा. हा कालवणाचा. हा नुसता दिसायला, काट्यांशिवाय काही नाही." बोटवाला अस्वस्थ झाला होता.

किनाऱ्यावर फॉर्म भरायला दिला. दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का. शेवटी, पोहता येतं का. मी 'हो' लिहिलं. ओझरतं पाहिलं तर हिनं 'नाही' लिहिलं होतं.

"अगं, तुला पोहता येत नाही?"

"कोण शिकवणार? मुलींनी पाण्यात उतरायचं नव्हतं. परकराची कड भिजली तरी आजी बोलायची."

पंचवीस मे महिने ही घोट्याइतक्या पाण्यात माझ्या चपला हातात धरून उभी राहिली. मला वाटायचं, रोजचा समुद्र, म्हणून पुढे जात नसेल.

"मग राहू दे. तू कपडे सांभाळ," मी म्हणालो.

"पैसे परत मिळतात?" तिनं प्रशिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, नाही. त्यावर ही तो रबरी पोशाख उचलून आत गेली. मराठी मध्यमवर्गाच्या शौर्याच्या बहुतेक कथा अशाच सुरू होतात.

तो पोशाख अंगात चढवणं म्हणजे गादी उशीच्या अभ्र्यात घालणं. दोन मुलांनी मला दोन्ही बाजूंनी ओढून त्यात बसवलं. पाठीवर नळकांडं, कमरेला शिसं. मग प्रशिक्षकानं पहिला नियम सांगितला. श्वास तोंडानंच घ्यायचा, नाक बंद. मी गेली बारा वर्षं रोज पहाटे अनुलोम-विलोम करतो. माझं सगळं आरोग्य नाकावर उभं आहे. दुसरा नियम, पाण्याखाली खुणेनं बोलायचं. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'.

मी मान डोलावली. वर्गात मागच्या बाकावरची पोरं डोलावतात तशी.

पाण्याखाली गेलो. डोळ्यांसमोर प्रवाळ, पिवळे-निळे मासे. प्रशिक्षकानं खुणेनं विचारलं, कसं काय? मी आनंदानं अंगठा वर केला. त्यानं मला वर आणलं.

"क्या हुआ, सर?"

"काही नाही, झकास."

पुन्हा खाली. एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा अगदी गालाला लागून गेला. प्रशिक्षकानं विचारलं. मी अंगठा. वर. तिसऱ्यांदा माझ्या ध्यानात होतं, पण एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून चांगल्याला अंगठा दाखवायची सवय लागलेला हात ऐकेना. वर आल्यावर त्याच गडबडीत मी नाकानं दीर्घ श्वास घेतला आणि अंदमानचा समुद्र मुखवट्याच्या कडेनं थेट मेंदूत शिरला. सात मिनिटांत बार्शीचा विहीरबहाद्दर किनाऱ्यावर खोकत बसला होता.

ही बाहेर आली नाही. मी उन्हात घड्याळ बघत बसलो. दहा मिनिटं. वीस. मनात नको ते यायला लागलं. तिच्या आईला काय सांगायचं, याची वाक्यंही जुळवली. पाण्यावर नुसते बुडबुडे. अर्ध्या तासानं प्रशिक्षक तिला घेऊन वर आला.

ती वाळूत येऊन बसली. केसांतून पाणी गळत होतं, मुखवट्याचा वळ कपाळावर. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, आमच्या हर्णैला याहून मोठे असतात. ती म्हणाली नाही. कोणता मासा कुठल्या वाटणात जाईल, तेही नाही. बराच वेळ गेला.

"अहो," ती म्हणाली, "शंभर पावलांवर होतं हो. वीस वर्षं मी त्याच्या कडेला राहिले."

"अगं, आपल्याकडे असं प्रवाळ नसतं. खाड्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ..." माझ्यातला मास्तर बोलायला लागला.

"हे नसेल. दुसरं असेल. पण खाली काहीतरी असेलच की. कुणी सांगितलंच नाही."

त्यावर भूगोलाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. तिनं माझ्याकडून फोन घेतला आणि हर्णैला लावला. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"आई, आपल्या समुद्राच्या खाली काय असतं, कधी बघितलंयस?"

"खाली काय असणार गो? मासळी."

"अगं, पण बघितलीयस? जिवंत, खाली, तिथे?"

"ती बघायला तिकडं कशाला गेलात? सांजच्याला लिलावात ढीग पडतात." मग थोडं थांबून, "सुरमईचा भाव काय आहे तिकडं?"

उरलेले दिवस ही शांत होती. रॉसवर वडाच्या जातीच्या झाडांनी इंग्रजांचे बंगले मुळांत आवळून धरलेत, चर्चच्या भिंती, बेकरीच्या भिंती, सगळ्या. हरणं माणसांच्या हातून खातात. सुवर्णदुर्गाचं नाव तिनं एकदाच काढलं, तेही त्यालाही अशी मुळं आवळतील की काय, या काळजीनं. माउंट हॅरिएट, २०२१ पासून माउंट मणिपूर, तिथे मी खिशातून जपून ठेवलेली वीस रुपयांची जुनी तांबडी नोट काढली. नोटेच्या पाठीवर माड आणि समुद्र आहे ना, ते चित्र तिथूनच दिसतं. मी नोट समोर धरून दृश्य जुळवीत बसलो. दीपगृह जुळेना. ही म्हणाली, "वीस रुपयांचं चित्र बघायला केवढ्याला पडलं?" तेव्हा मला हायसं वाटलं. ती परत आली होती.

शिंपल्यांचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवसापासून मी शंख-शिंपले गोळा करीत होतो. विहिरीत ते नसतात. ही नाक मुरडायची, "आमच्याकडे हे भट्टीत घालून चुना करतात." मग ड्रायव्हरनं सांगितलं, इथून शंख, शिंपला, प्रवाळाचा तुकडा, काही न्यायचं नाही, कायद्यानं बंदी आहे. मी कायदा पाळणारा माणूस. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर एक्केचाळीस नग मोजून परत ठेवले. हिनं मदत केली.

परतीच्या दिवशी विमानतळावर माझी बॅग यंत्रातून सुखरूप बाहेर आली. हिची पर्स थांबली. गणवेशातल्या माणसानं ती उघडायला सांगितली. गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्यांच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला, बोटाच्या पेराएवढा एक शंख निघाला. मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"ये कहाँ से लिया, मॅडम?"

हिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, पंचवीस वर्षांच्या सरावानं सांगितलं, "ये यहाँ का नहीं है. हमारे गाँव का है. हर्णै का."

त्या माणसानं शंख उचलला, उजेडात धरून पाहिला आणि शेजारच्या पेटीत टाकला.

"मॅडम," तो अगदी आदरानं म्हणाला, "इधर सबका शंख उसके गाँव का ही निकलता है."

मी वाकून पाहिलं. पेटी गावोगावच्या शंखांनी अर्धी भरली होती.